9900 लिहिलेल्या सेलनं मला कसं फसवलं

आमच्या खानापूरकडं पावसाळ्यात एकदा का लाईट गेली की रात्र रात्र येत नाही. आईला अंधारातच गोठ्यात जावं लागतं. म्हणून यंदा तिच्यासाठी स्वतःच्या हातानं चार्जिंगचा कंदील करायचं ठरवलं. सोल्डरिंग शिकायला लागून मला जेमतेम तीन महिने झाले होते.

सामान साधंच. एक वॉटचा एलईडी, रेझिस्टन्स, टीपी4056 चार्जिंग मॉड्यूल आणि 18650 सेल, म्हणजे लॅपटॉपच्या बॅटरीत असतात तसले परत परत चार्ज होणारे लिथियम सेल. बाकीचं बेळगावात मिळालं, सेल मात्र व्हॉट्सअॅप ग्रुपवरच्या एका विक्रेत्याकडून मागवले. निळं चकचकीत वेष्टन, वर ठळक अक्षरांत 9900 एमएएच, म्हणजे सेलमध्ये किती चार्ज मावतो त्याचा आकडा. चार सेल 600 रुपयांना. "अण्णा, ओरिजिनल माल आहे, डोळे झाकून घ्या की," असं फोनवर म्हणाला. पैसे मी आधीच पाठवले.

पहिला सेल चार्जिंगला लावला, तर तासाभराच्या आत मॉड्यूलवरचा लाल दिवा जाऊन निळा लागला. मला आनंद झाला. खरं तर तिथंच थांबायला हवं होतं. हे मॉड्यूल फार तर एक अँपिअरनं चार्ज करतं. म्हणजे रिकामा 9900 चा सेल भरायला दहा तास तरी हवेत. एलईडीला 300 मिलिअँपिअर धरले तर कंदील 33 तास चालायला हवा होता, तो अडीच तासांत विझला.

पुढचे पंधरा दिवस मी चूक माझ्याच कामात शोधत बसलो. मल्टिमीटरवर करंट 300 मिलिअँपिअर, अगदी हिशेबाप्रमाणं. तरी सगळं सोल्डर काढून परत केलं, रेझिस्टन्स दोनदा बदलला, एक मॉड्यूल जास्त तापवून घालवलं. आई म्हणाली, "राहू दे बाळा, माझी बॅटरी आहे की." 600 रुपयांपेक्षा ते मला जास्त लागलं. नवा माणूस आधी स्वतःवरच संशय घेतो, आणि असला माल त्याच भरवशावर खपतो.

शेवटी ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर सेल ठेवला. 29 ग्रॅम! लॅपटॉप दुरुस्त करणाऱ्या मामांनी जुन्या बॅटरीतला त्याच मापाचा एक सेल दिला होता, तो शेजारी ठेवला. 46 ग्रॅम. चांगला 18650 सेल 45 ग्रॅमच्या आसपास भरतोच, आणि त्यातल्या उत्तम सेलची क्षमताही साधारण 3500 एमएएच असते. 9900 हा आकडा त्या मापात बसतच नाही.

तक्रार केल्यावर विक्रेत्यानं "पैसे परत घ्या" म्हणून क्यूआर कोड पाठवला. स्कॅन करणार तोच बहिणीनं हात धरला. पैसे घ्यायला क्यूआर स्कॅन करावा लागत नाही, पिनही टाकावा लागत नाही. आपण स्कॅन करून पिन टाकला की आपलेच जातात. असं कुणाचं झालं तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन करा.

असले सेल कापून बघू नका, जोडून पॅक करू नका, रात्री चार्जिंगला लावून झोपू नका. आग लागू शकते.

आईचा कंदील आता मामांच्या सेलवर सहा तास चालतो. ते चारही खोटे सेल टोकांना चिकटपट्टी लावून डब्यात ठेवलेत. नवीन शिकणाऱ्या कुणाला हातात धरून वजनातला फरक बघायचा असेल, तर घरी या, दाखवतो.