बर्लिनचे नाणी टाकायचे जुने फोटो बूथ: आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात वॉर्शाउअर श्ट्रासेच्या बूथमध्ये पहिल्यांदा बसले, आज घरात चार-चार फोटोंच्या २३ पट्ट्या आहेत, म्हणजे नादच लागलाय म्हणा ना. मॉलमधले डिजिटल बूथ नाही हं, आत खरंखुरं केमिकल असतं ते ब्लॅक अँड व्हाइटवाले.

सुट्टी नाणी टाकायची, स्टूल गरागरा फिरवून उंची जमवायची, पडदा ओढायचा आणि मग चार फ्लॅश. रिटेक वगैरे काही नाही. पहिला फ्लॅश मला आजही बेसावध गाठतो, त्यामुळे सगळ्यात वरच्या फोटोत मी कायम ठसका लागल्यासारखी. मग बाहेर थंडीत उभं राहायचं, आतून घरघर ऐकू येते, एक दांडा पट्टी या टाकीतून काढून त्या टाकीत बुडवत असतो, डेव्हलपर, ब्लीच, पाणी असं करत करत चार-पाच मिनिटांनी ओलसर पट्टी खाली पडते. लगेच उचलायची घाई करू नका, माझ्या पहिल्या पट्टीवर माझ्याच अंगठ्याचा ठसा आहे.

१९२५ साली ब्रॉडवेवर अनातोल जोसेफोने असलं पहिलं मशीन लावलं तेव्हा २५ सेंटला ८ फोटो मिळायचे आणि ८ मिनिटं लागायची. शंभर वर्षांत जेमतेम तीन-चार मिनिटं वाचली!

तक्रारी आहेतच. दोनदा नाणी गिळली, एकदा मेल केल्यावर पैसे आले, एकदा गेले ते गेलेच. डिसेंबरात फोटो फिके आले, एका बूथमध्ये कडेला तपकिरी डाग. पण ही मशीन म्हातारी झालीत, पार्ट बंद पडलेल्या दुसऱ्या मशीनमधून काढून लावतात, त्यामुळे ती सांभाळणाऱ्या वेड्या लोकांवर मला रागावता येत नाही. माउअरपार्कच्या रविवारच्या बाजारात तर एक आजोबा अनोळखी माणसांच्या जुन्या पट्ट्या बुटाच्या खोक्यात भरून विकतात, मीही एक घेतली, दोन बहिणी असाव्यात, चौथ्या फोटोत एक गायब.

खरी गोची वेगळीच. निगेटिव्ह नसतं, थेट कागदावरच फोटो उमटतो, म्हणजे कॉपी एकच. आमची सगळ्यात भारी पट्टी मी आईला साताऱ्याला पोस्टाने पाठवली, तिने ती एलआयसीच्या फायलीत ठेवलीय आणि "पासपोर्टचे फोटो असे वेडेवाकडे का काढलेत" म्हणून विचारते. नवरा अजून धुसफुसतोय. आता आम्ही प्रत्येक वेळी दोनदा नाणी टाकतो.