स्पिटफायरचं सैल स्टेअरिंग आणि वॉरिकशायरमधलं बाप-लेकीचं गॅरेज

गॅरेजचं नाव देत नाहीये, कारण मालकांनीच बजावलंय: "काय लिहायचं ते लिही, पण नाव-नंबर टाकू नकोस, आत्ताच गाड्या उभ्या करायला जागा नाही." इंग्लंडातल्या कॉव्हेंट्री-वॉरिक पट्ट्यात ज्यांच्याकडे ट्रायम्फ या जुन्या ब्रिटिश कंपनीची गाडी आहे त्यांना खुणेवरूनच कळेल. फॉस वे हा जुना रोमन रस्ता सोडून आत वळलं की शेताच्या कडेला पत्र्याची शेड, बाहेर ताडपत्रीखाली दोन व्हिटेस (ट्रायम्फचंच एक मॉडेल), आत वडील आणि मुलगी. बाकीच्यांनी मला मेसेज करा.

माझी गाडी १९७२ ची ट्रायम्फ स्पिटफायर मार्क ४, १२९६ सीसी. गेल्या हिवाळ्यानंतर बाहेर काढली तेव्हा स्टेअरिंगला चांगलाच प्ले जाणवायला लागला. स्टेअरिंगचं चाक दोन-अडीच बोटं फिरवावं तेव्हा कुठे गाडी ऐकणार. गावात चालून जातं. ए-४६ या हायवेवर पन्नास मैलांच्या वेगात शेजारून ट्रक गेला की मात्र गाडी डुलायची, मी सावरायला जायचो, ती उशिरा ऐकायची आणि मग जरा जास्तच ऐकायची. शेजारी बसलेली बायको दाराचं हँडल धरून गप्प. या गाडीची रॅक अँड पिनियन स्टेअरिंग (पिनियन हे छोटं दातेरी चक्र नळीतल्या रॅक या दातेरी दांड्याला डावी-उजवीकडे सरकवतं) मुळात चोख, आणि गाडी लंडनच्या टॅक्सीसारखी जागच्या जागी वळते. तिचं असं व्हावं हे पटत नव्हतं.

आधी घराजवळच्या एका गॅरेजात नेली होती. तिथे जॅकवर चढवून चाकं हलवून बघितली आणि निकाल दिला: रॅक गेला, एक्स्चेंजमध्ये, म्हणजे जुना देऊन दुरुस्त केलेला दुसरा टाका. कोटेशनही हातात दिलं. जुन्या गाडीवाल्यांना माहीत असेल, एक्स्चेंज रॅक म्हणजे नशिबाचा भाग. एखादा लोण्यासारखा चालतो, एखादा मधेच आवळतो. म्हणून दुसरं मत घ्यायला या शेडमध्ये गेलो.

इथली पहिली गोष्ट जी मला आवडली ती म्हणजे निदानाचे पैसे ते वेगळे घेतात, आणि आधी सांगून घेतात. एक तास, तासाचा जो दर असेल तो. त्या तासात एकही नट सैल करत नाहीत. इंग्लंडमध्ये हे मला जास्तच महत्त्वाचं वाटतं, कारण २०१८ च्या मेपासून चाळीस वर्षांवरच्या, फार बदल न केलेल्या गाड्यांना दरवर्षीच्या एमओटीची (गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी आहे का या तपासणीची) सक्ती उरलेली नाही. म्हणजे माझ्या गाडीचं स्टेअरिंग खालून कोणी बघितलंच पाहिजे असं कायदा म्हणत नाही. आपणच पैसे देऊन बघून घ्यायचं.

आणि बघतात कसं? गाडी जॅकवर घेतलीच नाही. चाकं जमिनीवर, गाडीचं वजन चाकांवर. स्पिटफायरचं बोनेट म्हणजे गाडीचं पूर्ण तोंडच पुढे उघडतं, त्यामुळे टायरवर बसून सगळं समोर दिसतं. मुलगी आत बसली आणि स्टेअरिंग फक्त त्या प्लेपुरतं डावी-उजवीकडे हलवत राहिली, चाकं वळणार नाहीत इतपत. वडील वरून खाली एकेका सांध्यावर बोट ठेवत गेले. बोट अर्धं एका भागावर, अर्धं दुसऱ्यावर. दोन्ही बरोबर हलले तर सांधा ठीक, बोटाखाली टिक् झालं तर तिथे प्ले. कॉलमच्या खालच्या टोकाचं रबर कपलिंग ठीक. त्याचा बोल्ट घट्ट. पिनियन ठीक. मग त्यांनी माझं बोट धरून रॅकच्या नळीवर ठेवलं, अर्धं नळीवर आणि अर्धं चॅसिसच्या ब्रॅकेटवर.

अख्खा रॅक सरकत होता! दात नव्हे, आतलं काही नव्हे, रॅकची पूर्ण नळी आपल्या यू-बोल्टमध्ये डावी-उजवीकडे चार-पाच मिलिमीटर. स्टेअरिंग फिरवलं की आधी रॅक स्वतः सरकायचा आणि मग चाकांना ढकलायचा. यू-बोल्टखालची रबरं तेल पिऊन फुगली होती, नखाने त्यांचा लगदा निघत होता. तेल कुठून? हा रॅक इंजिनच्या पुढच्या क्रँक पुलीच्या समोर खाली बसतो आणि तिथल्याच टायमिंग कव्हरचं सील वर्षानुवर्षं त्याच्यावर ठिबकत होतं.

त्यानंतर गाडी जॅकवर. उजवं चाक वर-खाली धरून हलवलं, खटखट. "आता ब्रेक दाब," असं लेकीला सांगून पुन्हा हलवलं. ब्रेक दाबल्यावर खटखट थांबली तर दोष बेअरिंगचा, कारण ब्रेकने हब आणि स्टब जखडले जातात. थांबली नाही तर चाक ज्यांच्यावर वळतं ते सांधे, वरचा बॉल जॉइंट किंवा खालचा ट्रनियन. माझी कमी झाली, पण थांबली नाही. म्हणजे दोन्ही. मग चाक दोन्ही बाजूंना धरून हलवलं तेव्हा उजव्या टाय रॉड एंडचाही (रॅकला चाकाशी जोडणाऱ्या दांडीच्या टोकाच्या सांध्याचाही) प्ले सापडला, त्याचं रबर बूट फाटलेलं होतं.

ट्रनियनबद्दल जरा थांबतो, कारण स्पिटफायर, हेरल्ड, व्हिटेस, जीटी६ या सगळ्या ट्रायम्फची मेख तिथे आहे. खालच्या विशबोनवर (चाकाला धरणाऱ्या त्रिकोणी हातावर) पितळी ठोकळा, त्यात उभ्या लिंकचे आटे. चाक वळवलं की लिंक त्या आट्यांत फिरते. त्यात ग्रीस नाही, घट्ट गिअर ऑइल घालायचं असतं, ईपी ९०. ग्रीस आट्यांपर्यंत नीट पोचत नाही, वर पाणी साचतं, लिंक आतून गंजते आणि एके दिवशी तुटते. तुटली की चाक आडवं पडतं. माझ्या उजव्या ट्रनियनला आधीच्या कुठल्या तरी मालकाने ग्रीसगनने भरपूर ग्रीस मारलं होतं. उघडला तेव्हा आत तपकिरी चिखल, आणि आट्यांवर बोट फिरवलं तर धार नाही, खड्डे. डावा नुसत्या संशयावरून उघडला, तो चांगला निघाला.

संध्याकाळी पुण्याला मामांना फोन केला. त्यांच्याकडे मद्रासला बनलेली स्टँडर्ड हेरल्ड होती, पुढची ठेवण हीच. मी "ट्रनियन" म्हणताच त्यांचा पहिला प्रश्न: "कोणी ग्रीस मारलं होतं का रे?" नाना पेठेतला त्यांचा मिस्त्री पोरांना ग्रीसगन घेऊन त्या बाजूला फिरकू द्यायचा नाही म्हणे.

दुरुस्तीच्या वेळी बाप-लेकीत जुंपली, तीही सांगण्यासारखी आहे. लेकीचं म्हणणं, रबरं पुन्हा टाकू नका, अ‍ॅल्युमिनियमचे ठोकळे टाका, तेल पडलं तरी काही होत नाही आणि स्टेअरिंग एकदम नेमकं होतं. वडिलांचं म्हणणं, ट्रायम्फने रबर उगाच नव्हतं दिलं, आधी तेल थांबवा. मी अ‍ॅल्युमिनियम घेतले. वडिलांनीच बसवले, पण पुटपुटत. आता माझं मत: नेमकेपणात लेक बरोबर. चाक बोटभर हलवलं की नाक हलतं. पण खराब रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा मनगटापर्यंत येतो, आणि ज्यांना रोज दूर जायचंय त्यांनी चांगल्या प्रतीची रबरं घ्यावीत, सील मात्र आधी बदलून. माझं सील अजून बाकी आहे.

रॅक तोच राहिला. रॅकला पिनियनवर दाबून धरणाऱ्या डँपरखालची एक शिम (पातळ चकती) काढली, एवढंच. मी म्हटलं आणखी एक काढा, तर नाही म्हणाले. रॅकचे दात मध्यावर जास्त झिजतात, मध्यावर पूर्ण घट्ट केलं तर वळणावर आवळतो आणि चाक आपोआप परत येत नाही.

आता पैसे. निदान, उजवी उभी लिंक, दोन्ही ट्रनियन बुशसकट, उजव्या चाकाचं बेअरिंग, दोन्ही टाय रॉड एंड, अ‍ॅल्युमिनियम माउंट, शेवटी ट्रॅकिंग (पुढची चाकं एकमेकांशी सरळ रेषेत लावणं), सगळं मिळून सव्वासातशे पौंडांच्या आत. पहिल्या गॅरेजच्या रॅकच्या कोटेशनपेक्षा जास्तच. पण एक विचार करा. त्यांनी रॅक बदलताना साहजिकच नवी रबरं घातली असती, स्टेअरिंग झटकन सुधारलं असतं, मी खूश होऊन गाडी ए-४६ वर काढली असती आणि तो खाल्लेला ट्रनियन तसाच आत राहिला असता.

तक्रारी आहेतच. ठरलेल्या दिवशी गाडी मिळाली नाही, कारण पहिला आलेला नवा टाय रॉड एंड त्यांनी हातात फिरवून बघितला आणि परत पाठवला. कळवलं मात्र नाही, मीच फोन केला. फोनही सकाळी उचलतात, दुपारनंतर वाजत राहतो. बिल हाताने लिहिलेलं, मुलीचं अक्षर वाचता येतं, वडिलांचं नाही. बसायला खुर्ची एक, तीही कुत्र्याची. आणि एमजी, अल्फा वगैरे घेऊन जाऊ नका, वेगळ्या चॅसिसवर बनलेल्या ट्रायम्फ सोडून ते कशाला हात लावत नाहीत.

काम झाल्यावर वडिलांनी मला शेजारी बसवून फॉस वे वर चक्कर मारली. त्या सरळसोट रोमन रस्त्यावर, जिथे आधी मी सतत चाक खेळवत असायचो, तिथे त्यांनी स्टेअरिंग दोन बोटांत धरलं होतं आणि गप्पा चालू होत्या त्या कॉव्हेंट्रीतल्या कॅनलेच्या ट्रायम्फ कारखान्याच्या. १९८० ला शेवटची स्पिटफायर तिथून बाहेर पडली, आता त्या भागात ऑफिसं आहेत आणि एका रस्त्याचं नाव हेरल्ड अव्हेन्यू आहे.

जाणार असाल तर टायर किती जुने आहेत ते आधी बाजूवरच्या चार आकडी शिक्क्यावरून बघून घ्या, कारण म्हातारे टायर असले की ते ट्रॅकिंग करायला नकार देतात. आणि गाडी धुऊन नेऊ नका, इंजिनखाली तर पाण्याचा थेंबही मारू नका. तेल कुठून कुठे उतरलंय ते त्यांना बघायचं असतं.