चॅपल हिल की ड्यूक? नॉर्थ कॅरोलिनातील मराठी पालकांसाठी तुलना

कॅरी किंवा मॉरिसव्हिलमध्ये स्थायिक झालेल्या मराठी घरांत मूल अकरावीत गेले की दोन नावे हटकून निघतात: चॅपल हिलचे नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठ आणि शेजारच्या डरहॅममधले ड्यूक. दोन्हींमध्ये जेमतेम दहा-बारा मैलांचे अंतर आहे, आणि एकीकडच्या विद्यार्थ्याला दुसरीकडचा एखादा विषय घेण्याचीही सोय आहे. खरा फरक फीचा. तो कुणाला किती पडेल हे मात्र कुटुंबाच्या पत्त्यावर आणि उत्पन्नावर ठरते.

चॅपल हिल हे सरकारी विद्यापीठ असून १७९५ पासून तेथे वर्ग भरत आहेत. राज्यातील रहिवाशांना तेथील शिक्षण शुल्क वर्षाला सुमारे ९,००० डॉलर पडते आणि राहणे, जेवण, पुस्तके धरून खर्च २५,००० ते ३०,००० डॉलरच्या दरम्यान जातो. ड्यूकचा असाच एकूण खर्च आता ९०,००० डॉलरच्या घरात आहे. म्हणजे चार वर्षांत साधारण अडीच लाख डॉलरचा फरक. पुढे वैद्यकीय किंवा कायद्याच्या शिक्षणासाठी कर्ज काढावे लागणार असेल, तर पहिल्या पदवीवरच एवढी रक्कम घालवणे मला पटत नाही.

तरीही छापील फी पाहून ड्यूकचे नाव खोडू नये. नॉर्थ आणि साउथ या दोन्ही कॅरोलिना राज्यांतील ज्या कुटुंबांचे वार्षिक उत्पन्न दीड लाख डॉलरपर्यंत आहे, त्यांच्या मुलांचे पूर्ण शिक्षण शुल्क २०२३ पासून ड्यूक अनुदानातून भरते, आणि ६५,००० डॉलरपर्यंतच्या उत्पन्नात राहण्या-जेवणाचा भारही उचलते. खरी ओढाताण होते ती आई-वडील दोघेही नोकरी करणाऱ्या, दीड लाखाच्या मर्यादेच्या बऱ्याच वर गेलेल्या घरांची. त्यांच्यासाठी चॅपल हिल हाच शहाणपणाचा निर्णय आहे. आर्थिक मदतीचे पत्र आले की खालची बेरीज पाहून हुरळू नये. प्रत्येक ओळीपुढे पेन्सिलीने लिहावे: हे अनुदान, हे कर्ज, हे मुलाने काम करून मिळवायचे पैसे. कर्जही ‘मदत’ म्हणूनच छापलेले असते.

अभ्यासाच्या दृष्टीने पाहता, ड्यूकमध्ये पदवीचे विद्यार्थी सुमारे साडेसहा हजार, तर चॅपल हिलला त्याच्या तिप्पट आहेत. त्यामुळे पहिल्या वर्षीचे रसायनशास्त्र मोठ्या सभागृहात शिकण्याची तयारी हवी. मेकॅनिकल किंवा सिव्हिल इंजिनिअरिंग करायचे असेल तर चॅपल हिल उपयोगाचे नाही. त्यासाठी रालेचे नॉर्थ कॅरोलिना स्टेट पाहावे, तेही सरकारी आहे. उलट पदवीलाच बिझनेस हा मुख्य विषय हवा असेल तर तो चॅपल हिलला मिळतो, ड्यूकमध्ये नाही.

एच-४ व्हिसावरील (आई किंवा वडिलांच्या एच-१बी नोकरी व्हिसावर अवलंबून असलेल्या) मुलांना अमेरिकेच्या केंद्र सरकारची शैक्षणिक मदत मिळत नाही, हे हिशेबात आधीच धरावे. पुण्या-नाशिकहून थेट येऊ पाहणाऱ्या भाच्याला चॅपल हिल स्वस्त म्हणून सुचवू नये. त्याला बाहेरच्यांची फी लागते आणि तिथे नुसते शिक्षण शुल्कच ४०,००० डॉलरच्या वर जाते. शिवाय राज्याबाहेरच्यांसाठी जागांवर मर्यादा आहे आणि गरजेवर आधारित मदत परदेशी विद्यार्थ्यांना दिली जात नाही. दोन्ही विद्यापीठांची सामायिक रॉबर्टसन शिष्यवृत्ती त्याला खुली आहे, पण तिच्या जागा अगदी मोजक्या असतात.