थांब्यावर विचारायचं की घरी जाऊन?

प्रवासाच्या सर्वेक्षणासाठी स्वारगेटच्या थांब्यावर माणसं पटापट बोलतात. खर्चही कमी. पण तिथे भेटतो तो बसपर्यंत पोचलेला माणूसच.

जनता वसाहतीत एका दारात विचारलं, "काल कुठे कुठे जाऊन आलात, ताई?"

"कुठ्ठेच नाही."

मग हळूहळू निघालं: मुलीची शाळा, रेशन, तीन घरची धुणीभांडी, सगळं पायी. भाडं परवडेना म्हणून कोथरूडचं काम सोडलेलं. ही न झालेली फेरी थांब्यावर कोण मोजणार? २०११ च्या जनगणनेनेही फक्त कामावर जायचं अंतर आणि साधन विचारलं. दवाखाना, बाजार राहिलेच.

घरोघरी फिरायला वेळ लागतो, कामावरच्यांसाठी संध्याकाळी पुन्हा जावं लागतं. तरी नवा बसमार्ग आखायचा तर घरीच जावं. चालू बसची वेळ बदलण्यापुरता थांबा पुरे.