पॉप-अप बंद करून आठ महिने: यूब्लॉक ओरिजिनचा वापरानंतरचा अनुभव

गेल्या एप्रिलमध्ये, आंब्याचा सीझन ऐन भरात असताना, मी पडवीत पेट्या भरत होतो. आतल्या खोलीतून सायरनसारखा आवाज यायला लागला. धावत गेलो तर अण्णा कॉम्प्युटरसमोर उभे. एका हातात मोबाइल, दुसऱ्या हाताने चष्मा सावरत पडद्यावरचा नंबर वाचत होते. अख्खा पडदा लाल. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरलाय, बँकेची माहिती चोरीला जातेय, मशीन बंद करू नका, ताबडतोब या नंबरवर फोन करा, असं एक बाई आधी इंग्रजीत आणि मग हिंदीत बोलत होती. मी सरळ वायर काढली.

“अरे, बँकेतले पैसे जातले म्हणता ती, आणि तू वायर काय काढतस?” अण्णांचा आवाज कापत होता. सात आकडे दाबून झाले होते.

त्यानंतर कित्येक महिने ते स्वतःहून त्या खोलीत फिरकले नाहीत. निवृत्त शिक्षक माणूस. सकाळी पेपर, दुपारी दशावताराचे व्हिडिओ आणि सीझनमध्ये वाशी मार्केटचे दर, सगळं ते कॉम्प्युटरवर बघायचे. ते बंद झालं याचं मला पैसे वाचल्याच्या समाधानापेक्षा जास्त वाईट वाटलं. शेवटची पेटी गाडीत चढली त्या रात्री मी हे पॉप-अप बंद करायचं काम हातात घेतलं.

सुरुवातीलाच एक सांगतो. आपण ज्याला सरसकट पॉप-अप म्हणतो त्या तीन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि तिघांवर एकच औषध नाही. मला हे कळायला दोन रात्री गेल्या.

पहिली, जुनी पद्धत: साइट उघडली की मागून-पुढून नवीन खिडकी उघडते. ही कल्पना १९९० च्या दशकात ट्रायपॉड या वेबसाइटवर निघाली. तिचा कोड लिहिणारे ईथन झुकरमन यांनी २०१४ मध्ये त्याबद्दल जाहीर माफीसुद्धा मागितली. या प्रकाराचा बंदोबस्त ब्राउझरमध्येच आहे. २००४ मध्ये फायरफॉक्सची पहिली आवृत्ती आली तेव्हापासून तो सोबत येतो, क्रोममध्येही आधीच चालू असतो. त्यासाठी वेगळं काही लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे उजव्या कोपऱ्यात खालून वर येणाऱ्या चौकटी. आमचा खरा त्रास हा होता. ब्राउझर बंद असला तरी त्या येत राहतात, म्हणून व्हायरस आहे असंच वाटतं. क्रोमच्या सेटिंगमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, त्यात साइट सेटिंग्ज, त्यात नोटिफिकेशन्स. तिथे गेलो आणि बघतच राहिलो. परवानगी दिलेल्या तेवीस साइट! नावं म्हणजे नुसती अक्षरांची खिचडी, एकही वाचता येईना. मी अण्णांना बोलावलं, जवळ खुर्ची ओढून दिली आणि विचारलं की ही परवानगी कधी दिली. त्यांनी यादी निरखून पाहिली.

“माका विचारल्यान, तू माणूस की मशीन? मी माणूस म्हणान सांगितलंय.”

तेव्हा उलगडा झाला. ‘तुम्ही रोबोट नाही हे सिद्ध करण्यासाठी अलाऊ दाबा’ असं लिहिलेलं पान येतं. त्या बटणाचा आणि रोबोटचा काहीही संबंध नसतो. ते बटण दाबलं की ती साइट आपल्याला हवं तेव्हा चौकट पाठवू शकते. अण्णांनी प्रामाणिकपणे उत्तर दिलं होतं. ज्यांना प्रामाणिक उत्तर द्यायची सवय आहे, अशाच माणसांवर हा सापळा लावलेला असतो याचा मला अजून राग येतो.

तेवीसच्या तेवीस नावं काढली आणि वरचा पर्याय ‘कुठल्याच साइटला विचारू देऊ नका’ असा करून टाकला. तेवढ्यावर निम्म्याहून जास्त त्रास संपला. पैसे शून्य, वेळ पंधरा मिनिटं. तुम्ही बाकी काही करणार नसाल तरी एवढं आज करा.

तिसरी गोष्ट पानावरच्या जाहिरातींची: बातमीवर येऊन बसणारे पडदे, खोटी डाउनलोड बटणं, कुठेही क्लिक केलं तरी भलतीकडे नेणाऱ्या लिंका. लाल पडदा यातूनच आला होता. यासाठी यूब्लॉक ओरिजिन टाकलं. रेमंड हिल यांनी २०१४ मध्ये सुरू केलेलं हे एक्स्टेंशन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, पूर्ण फुकट आहे आणि ते देणगीही घेत नाहीत. म्हणून या नावाने कोणी पैसे मागितले तर तो खोटा समजा. नाव पूर्ण बघून घ्या, ‘ओरिजिन’ शब्द हवाच. नुसतं यूब्लॉक हे वेगळं आहे.

अण्णांच्या कॉम्प्युटरवर मी फायरफॉक्स घालून त्यात पूर्ण आवृत्ती बसवली, माझ्या लॅपटॉपवर क्रोममध्ये ‘यूब्लॉक ओरिजिन लाइट’ ही त्याची हलकी आवृत्ती. कारण क्रोमने एक्स्टेंशनचे नियम बदलले आणि २०२५ मध्ये पूर्ण आवृत्ती तिथे चालेनाशी झाली. फरक असा: पान उघडताना ब्राउझर बाहेरून जे जे मागवतो ती प्रत्येक मागणी पूर्ण आवृत्ती स्वतः तपासते आणि अडवायच्या पत्त्यांच्या याद्या स्वतः ताज्या करते. लाइट आपले नियम आधीच ब्राउझरच्या हवाली करते, आणि याद्या एक्स्टेंशनच्या अपडेटबरोबर येतात. रोजच्या वापरात मला दोन्हींत फार फरक जाणवला नाही. घरातल्या वयस्कर माणसासाठी मात्र मी फायरफॉक्स आणि पूर्ण आवृत्तीच निवडेन.

पावसाळ्यात याचा दुसरा फायदा कळला. जुलैत वारा सुटला की आमच्याकडे लाईट जाते, लाईटबरोबर फायबर जातं, मग लॅपटॉप मोबाइलच्या नेटवर. दिवसाचा दीड जीबी. पूर्वी हवामानाचं एक पान आणि दोन बातम्या उघडल्या की आपोआप चालणारे जाहिरातींचे व्हिडिओ डेटा खाऊन टाकायचे. आता ते उतरतच नाहीत. एका बातमीच्या पानावर यूब्लॉकच्या चिन्हाशेजारी अडवलेल्या मागण्यांचा आकडा साठच्या वर गेलेला मी पाहिलाय.

अडचणही आली. दिवाळीनंतर आंब्याच्या विम्याचा फॉर्म भरला, पैसे गेले, पण पावती उघडेना. पावती नव्या खिडकीत उघडणार होती आणि ब्राउझरने ती पॉप-अप समजून अडवली होती. क्रोममध्ये पत्त्याच्या पट्टीत उजवीकडे छोटं चिन्ह येतं, ते दाबून त्या साइटला कायमची परवानगी दिली, पावती आली. सातबारा, बँकेचं स्टेटमेंट, असलं काही अडलं तर आधी तिथे बघा. त्याने झालं नाही तर एक्स्टेंशन त्या साइटपुरतं बंद करा; पूर्ण आवृत्तीत त्यासाठी मोठं पॉवरचं बटण आहे. पैसे दुसऱ्यांदा भरू नका.

एक प्रकार मात्र यूब्लॉकच्या हातात नाही. आमच्या मशीनबरोबर आलेला एक अँटिव्हायरस मुदत संपल्यावर रोज ‘तुम्ही असुरक्षित आहात’ म्हणून ओरडत होता. तो ब्राउझरच्या बाहेरचा. तो काढून टाकला. विंडोजचा स्वतःचा डिफेंडर घरच्या कामाला पुरतो, असं माझं मत झालंय.

आमच्या जिल्ह्याच्या बातम्या देणारी एक छोटी साइट आहे. तिच्यावर कापडदुकानाच्या, क्लासच्या साध्या जाहिराती असतात. तिथे मी यूब्लॉक बंद ठेवलंय. त्या जाहिरातींवर कोणाचं तरी घर चालतं, आणि त्या कोणाला फसवत नाहीत.

अण्णांच्या पडद्याशेजारी भिंतीवर मी कागद चिकटवलाय: लाल पडदा आला तर एस्केप दाबून धरा, मग ऑल्ट आणि एफ-४. नंबर लावू नका, मला हाक मारा. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. आठ महिन्यांत तो कागद लागला नाही. गणपतीच्या आधी एका दुपारी आतून दशावतारातली पखवाज ऐकू आला, अण्णा परत खुर्चीवर होते.

अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्येही हे एक्स्टेंशन चालतं. गेल्या आठवड्यात आईच्या मोबाइलवर टाकलंय. ते कसं चालतंय ते या वर्षीचा सीझन उरकल्यावर लिहीन.