पिल्लांच्या बोलीवर घेतलेली ठिणगी

आपल्याकडे शेळी अर्धलीनं देतात. एकाची शेळी, दुसऱ्यानं सांभाळायची, करडं निम्मी-निम्मी. लहानपणापासून हा व्यवहार बघत आल्यामुळं कुत्रीच्या बाबतीत तसाच सौदा पुढं आला तेव्हा मला त्यात काही खोट दिसली नाही. ती दिसायला हवी होती. दुसरं कुणी यात अडकू नये म्हणून सगळं लिहितोय.

परभणीच्या मोंढ्यात आमचं आडतीचं दुकान आहे. मागच्या गोदामात सोयाबीन, तूर, आणि त्यावर टपलेल्या घुशी. म्हणून 2023 च्या सुरुवातीला जॅक रसेल टेरियर जातीचं कुत्रं घ्यायचं ठरवलं. उंची 25 ते 30 सेंटिमीटर, वजन पाच-सहा किलो, पण अंगात दम मोठा. इंग्लंडच्या डेव्हन भागातल्या जॉन रसेल नावाच्या पाद्र्यानं एकोणिसाव्या शतकात कोल्ह्याला बिळातून बाहेर काढण्यासाठी असे कुत्रे वाढवले. त्याला रोज दमेपर्यंत पळवावं लागतं, नाहीतर अंगण उकरून ठेवतो.

मोठ्या शहरातल्या एका विक्रेत्यानं मादी पिल्लाचे 40 हजार सांगितले. मी घुटमळलो तसा म्हणाला, "सर, तुम्ही 18च द्या. पहिलं वेत माझ्याकडं करू. दोन पिल्लं तुमची, बाकी माझी. कागदाचं काय घेऊन बसलात, शब्द आहे ना." केनेल क्लबच्या नोंदणीचा एक कागद त्यानं दिला, त्यावर मायक्रोचिपचा, म्हणजे ओळखीसाठी कुत्र्याच्या कातडीखाली बसवलेल्या चिपचा, नंबरही होता. डाव्या कानावर तपकिरी डाग असलेलं ते पिल्लू आम्ही घरी आणलं. माझ्या मुलीनं नाव ठेवलं ठिणगी.

सप्टेंबरमध्ये ठिणगी पहिल्यांदा माजावर आली. नऊ महिन्यांची होती. मी म्हटलं, लहान आहे, थांबू. तो म्हणाला, पहिल्याच माजाला लावली की पुढची वेतं सोपी जातात. हे साफ खोटं आहे. 2017 च्या केंद्राच्या श्वान प्रजनन नियमांत मादी किमान 18 महिन्यांची, निरोगी हवी, वर्षात एकाहून जास्त वेत नको आणि आयुष्यात पाचाहून जास्त नको, असं स्पष्ट आहे. ब्रीडरची नोंदणी राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे लागते. हे मी नंतर वाचलं. तेव्हा त्याच्या अनुभवावर भरवसा ठेवला आणि ठिणगी त्याच्या गाडीत दिली. काचेला नाक लावून ती आमच्याकडं बघत होती.

कुत्रीचे दिवस साधारण 63. नोव्हेंबरमध्ये "पाच पिल्लं झाली" असा फोन आला. मग सबबी सुरू झाल्या. अजून दूध आटलं नाही, जरा अशक्त आहे, पुढच्या आठवड्यात पाठवतो. माझ्या वाट्याची दोन पिल्लं "दगावली". अधूनमधून व्हिडिओ यायचा, तेवढ्यावर आम्ही समाधान मानायचो. एप्रिलमध्ये आलेला व्हिडिओ माझ्या बायकोनं दोनदा बघितला आणि म्हणाली, "अहो, मागं उभा असलेल्या माणसानं स्वेटर घातलाय."

दुसऱ्या दिवशी न सांगता गेलो. पत्र्याची शेड, एप्रिलचं ऊन, रांगेनं पिंजरे. ठिणगी एका पिंजऱ्यात पडून होती. स्तनं लोंबत होती, पोटावर टाक्यांचा व्रण होता. माझा आवाज ऐकून उठली, पण उडी मारली नाही. जॅक रसेलनं उडी मारली नाही यावरून काय ते समजा.

परभणीच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात नेली. सिझेरियन झालेलं, त्यावर पुन्हा महिन्याभराची गाभण. स्कॅनर अंगभर फिरवला, तरी चिप सापडलीच नाही. म्हणजे तो कागद दुसऱ्याच कुत्र्याचा. या जातीत डोळ्याचं भिंग जागेवरून सरकण्याचा आनुवंशिक आजार आढळतो, त्यासाठी डीएनए चाचणी असते. नराची ती चाचणी झाली होती का, असं मी विक्रेत्याला फोनवर विचारलं, तर त्याला ते नावही ठाऊक नव्हतं. उलट "आता होतील ती पिल्लं बोलीप्रमाणं माझी," असं तो ठणकावून म्हणाला.

ती पिल्लं आमच्या घरी जन्मली. तीन जगली. आठ आठवड्यांपर्यंत आईजवळ ठेवली, लस टोचली आणि ओळखीच्या घरांत पैसे न घेता दिली. ठिणगी सावरल्यावर तिचं नसबंदीचं ऑपरेशन केलं. पोलिसांत अर्ज दिला, पण सौदा तोंडी होता आणि 18 हजार रोख दिले होते. हातात पुरावा असा काहीच नव्हता.

तुम्ही पिल्लू घेणार असाल तर विक्रेत्याच्या जागेवर जा, आई डोळ्यांनी बघा, पैसे देण्याआधी पिल्लाच्या अंगावर स्कॅनर फिरवून नंबर कागदाशी ताडून घ्या. कुणी स्वस्तात मादी देऊन वेत मागत असेल तर तिथूनच परत या. आपली मादी माजावर असताना कुणाच्याही गाडीत चढवू नका, मग तो कितीही गोड बोलो.

त्याचा धंदा अजून चालूच आहे. मागच्या आठवड्यात त्याची नवी जाहिरात फोनवर आली, "आई समक्ष बघायला मिळेल." फोटोतल्या कुत्रीच्या डाव्या कानावर तपकिरी डाग आहे. ती कुत्री आत्ता आमच्या गोदामाच्या दारात, बारदान्यावर झोपली आहे.