शिवभोजन थाळी : दहा रुपयांत पोट भरते, पण कोणाचे?

शिवभोजन थाळीविषयी आजवर जे लिहिले गेले, त्यातील बरेचसे तिच्या राजकारणाविषयी किंवा दहा रुपये या किमतीविषयी आहे. ताटात प्रत्यक्ष काय पडते आणि ते खाणाऱ्याच्या शरीराला कितपत पुरते, हा हिशेब त्यात क्वचितच असतो. हे परीक्षण त्या हिशेबापुरते आहे. २६ जानेवारी २०२० रोजी सुरू झालेल्या, महाराष्ट्र सरकारच्या या स्वस्त जेवणाच्या योजनेत ताटाचे माप सरकारनेच ठरवून दिले : प्रत्येकी ३० ग्रॅमच्या दोन चपात्या, १०० ग्रॅम भाजी, १०० ग्रॅम वरण आणि १५० ग्रॅम भाताची मूद. त्या वेळच्या दरानुसार शहरी भागात एका थाळीचा खर्च ५० रुपये आणि ग्रामीण भागात ३५ रुपये धरण्यात आला. त्यातले दहा रुपये ग्राहकाने द्यायचे आणि उरलेले सरकारने.

मी जेवतो ते केंद्र मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी, बसस्थानकाच्या बाहेर आहे. बाजारातले हमाल, दवाखान्यात दाखल असलेल्या रुग्णांचे नातेवाईक, स्पर्धापरीक्षेचा अभ्यास करणारी मुले आणि तालुक्याहून कचेरीच्या कामाला आलेली म्हातारी माणसे अशी सगळी तिथे एकाच रांगेत असतात. जेवण गरम असते, भांडी स्वच्छ असतात, वाढणाऱ्या बाई कोणालाही हिडीसफिडीस करीत नाहीत आणि चपाती मऊ असते. भाजी मात्र बहुधा बटाट्याची असते, वरण दुपारी उशिरा गेल्यास अधिकच पातळ होत गेलेले आढळते आणि मिठाचा हात सढळ आहे.

आता हिशेबाकडे वळू. शरीराला अन्न लागते ते आधी जळणासाठी. माणूस नुसता पडून राहिला तरी हृदय, फुफ्फुसे, मेंदू आणि यकृत यांचे काम चालूच असते, आणि बसून काम करणाऱ्याच्या दिवसभराच्या ऊर्जेपैकी निम्म्याहून अधिक भाग त्यातच खर्च होतो. पिष्टमय पदार्थ आणि प्रथिने यांच्या एका ग्रॅममागे सुमारे ४ आणि स्निग्ध पदार्थांच्या एका ग्रॅममागे ९ किलोकॅलरी मिळतात. या मापाने दोन चपात्यांचे १८०, भाताचे २०० च्या आसपास आणि वरण-भाजीचे मिळून दोनशेच्या आतबाहेर, असे एकूण ५५० ते ६०० किलोकॅलरीचे हे ताट आहे. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने २०२० मध्ये दिलेल्या शिफारशींप्रमाणे ६५ किलो वजनाच्या, बैठे काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २,११० किलोकॅलरी लागतात, मध्यम कष्टाच्या कामाला २,७१० आणि जड कष्टाच्या कामाला ३,४७०. दुपारच्या जेवणातून दिवसाची एक तृतीयांश गरज भागावी असे धरले, तर अभ्यासिकेत बसणाऱ्या मुलाची गरज या ताटातून बऱ्याच अंशी भागते. पोती वाहणाऱ्या हमालाची मात्र निम्मीच भागते. रांगेत दोघांचा क्रमांक एकामागोमाग लागतो आणि माप दोघांनाही सारखेच मिळते. माझ्या मते या थाळीचा मुख्य दोष हाच आहे, आणि तो स्वयंपाक करणाऱ्यांचा नसून माप ठरवणाऱ्यांचा आहे.

प्रथिनांची बाजू त्याहून थोडी गुंतागुंतीची आहे. स्नायू, त्वचा, रक्त आणि पाचकरस यांची रोज झीज-भर चालते आणि तिच्यासाठी प्रौढाला वजनाच्या दर किलोमागे ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात. म्हणजे ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम. थाळीतून साधारण १५ ग्रॅम मिळत असावीत, तीही वरण दाट असेल तर. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात, आणि त्यांतली काही अन्नातूनच मिळवावी लागतात. गहू आणि तांदूळ यांत लायसिन हे असे अत्यावश्यक अमिनो आम्ल कमी असते, डाळीत ते भरपूर असते. उलट डाळीत मेथिओनिन हे जे दुसरे अमिनो आम्ल कमी पडते, ते धान्य पुरवते. वरण-भात हा जोड आपल्याकडे रुजला त्यामागे चवीइतकेच हे पूरकपणही आहे. मात्र वरणात पाणी वाढले की हा हिशेब कोसळतो, कारण वाटी तेवढीच भरलेली दिसते आणि डाळ निम्म्यावर आलेली असते. या बाबतीत १९९५ सालच्या सरकारी योजनेतली एक रुपयातली झुणका-भाकर ताट म्हणून अधिक विचारी होती असे मला वाटते : ज्वारीत सालीसकट दळल्यामुळे टिकलेला तंतू, बेसनात शंभर ग्रॅममागे वीसहून अधिक ग्रॅम प्रथिने, आणि पाणी घालून फसवायला फारसा वाव नाही.

पोट भरणे आणि भूक भागणे यांतला फरकही इथे कळतो. जठर ताणले गेले की मेंदूला थांबण्याचा संदेश जातो, आणि ते काम भाताची मूद चोख करते. पण पॉलिश केलेल्या तांदळातील पिष्ट लवकर पचते आणि तंतू व प्रथिने बेताचीच असल्यामुळे तृप्ती फार काळ टिकत नाही. चार वाजता तीच माणसे बसस्थानकासमोर वडापाव खाताना दिसतात.

याशिवाय एक गोष्ट केंद्राच्या हातात नाही, पण तिचा परिणाम ताटावर होतो. जेवून उठलेला जवळजवळ प्रत्येक जण थेट शेजारच्या टपरीवर चहा घेतो. डाळी आणि पालेभाज्यांमधील लोह मुळातच कमी प्रमाणात शोषले जाते, आणि चहाला तुरटपणा देणारे टॅनिन ते आणखी अडवते. लिंबातील क जीवनसत्त्व नेमके उलटे काम करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाहणीत महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयोगटातील ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला होता. अशा राज्यात सरकारी ताटात लिंबाची एक फोड नसावी, हे मला समजत नाही.

सुधारणा फार खर्चाच्या नाहीत. वीस ग्रॅम शेंगदाण्यांची चटणी वाढली, तर शंभरावर किलोकॅलरी आणि सुमारे पाच ग्रॅम प्रथिने ताटात येतात, आणि किरकोळ भावानेही त्याला तीन-चार रुपयांपेक्षा अधिक लागत नाहीत. आठवड्यातून तीन दिवस बटाट्याऐवजी मोड आलेल्या मटकीची उसळ दिली, तर मोड येताना वाढलेले क जीवनसत्त्व आणि घटलेले फायटेट (डाळी-धान्यातले, लोहाचे शोषण अडवणारे द्रव्य) यांमुळे लोहाचाही प्रश्न थोडा सुटतो. रक्त तयार होण्यासाठी लागणारे ब-१२ जीवनसत्त्व मात्र वनस्पतिजन्य अन्नात नसतेच. त्यासाठी ताक हवे, आणि ते रोज देणे या खर्चात बसणे अवघड आहे, हे मान्य करावे लागते.

तोवर दहा रुपयांत गरम, ताजे आणि सन्मानाने वाढलेले जेवण म्हणून विद्यार्थ्यांनी, वृद्धांनी आणि दवाखान्यात थांबलेल्यांनी इथे निःशंकपणे यावे. शक्यतो एकच्या आत, म्हणजे वरण दाट मिळते. कष्टाचे काम करणाऱ्यांनी सोबत घरची भाकरी आणि मूठभर शेंगदाणे ठेवावेत, लिंबू खिशात आणावे, आणि चहा तासभर उशिरा घ्यावा.